कामातून शिक्षण आणि कामातील समाधान
(संस्थेच्या वार्षिक सभेत रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण)



वार्षिक अहवालात दरवर्षी बाह्यरुग्ण, आंतररुग्ण, शस्त्रक्रिया आणि प्रसूती यांचे आकडे आपणांसमोर येतात. त्यामागोमाग जमाखर्च आणि ताळेबंद येतो. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर असल्याने ताळेबंद वाचणे हे माझे नित्याचेच काम आहे. त्यात मालमत्तेच्या बाजूस इमारत दिसते, क्ष-किरण यंत्र दिसते, रुग्णवाहिका दिसते आणि त्यांवरील घसाराही दिसतो. वर्षानुवर्षे रात्रपाळी करून जिचा हात तयार झाला आहे ती परिचारिका मात्र मालमत्तेत कोठेच दिसत नाही. ती खर्चाच्या बाजूस, ‘वेतन व भत्ते’ या एका ओळीत सामावलेली असते. हिशेबाच्या नियमाने हे योग्यच आहे, कारण माणूस संस्थेच्या मालकीचा नसतो. १९७१ साली लेव्ह आणि श्वार्ट्झ या अभ्यासकांनी कर्मचाऱ्यांचे मूल्य त्यांच्या भावी वेतनावरून काढण्याची रीत सुचविली आणि आपल्या देशात इन्फोसिससारख्या कंपनीने ती वापरूनही पाहिली. पण आपल्यासारख्या धर्मादाय संस्थेच्या ताळेबंदात तिला स्थान नाही.

या मांडणीचा एक परिणाम आपल्या विचारांवर होतो. प्रशिक्षणावरील रक्कम हा निव्वळ खर्च वाटू लागतो आणि शिकलेली व्यक्ती नोकरी सोडून गेली की तो बुडाला असे वाटते. “शिकवले की जातात” हे वाक्य जिल्ह्याच्या ठिकाणी रुग्णालय चालविणाऱ्या प्रत्येकाने कधी ना कधी ऐकलेले आहे. आज मला या वाक्याचाच विचार आपणांसमोर मांडावयाचा आहे.

वाक्यात तथ्य नाही असे नाही. रत्नागिरी जिल्हा पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या मनीऑर्डरवर जगला. आजही येथे अनुभव घेतलेली परिचारिका मुंबई, पुणे किंवा आखाती देशांकडे पाहते आणि त्यात तिचा काहीच दोष नाही. वेतनाच्या स्पर्धेत आपण महानगरातील मोठ्या रुग्णालयांच्या पुढे जाऊ शकत नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक आणि त्याखाली २००६ साली उच्च न्यायालयाने मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन व १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखून ठेवाव्या लागतात, तसेच देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी लागते. हे आपण ओझे मानत नाही. संस्थेचे ते प्रयोजनच आहे. परंतु हाती उरणाऱ्या पैशाला मर्यादा आहे हे मान्य करूनच पुढचा विचार करावा लागतो.

‘मनुष्यबळ विकास’ हा शब्द आपल्याकडे रुजविण्याचे पहिले मोठे काम महाराष्ट्रातच झाले. मुंबईच्या लार्सन अँड टुब्रो कंपनीने अहमदाबादच्या भारतीय प्रबंध संस्थेतील प्राध्यापक उदय पारीक आणि टी. व्ही. राव यांना आपल्या मूल्यमापन पद्धतीची पाहणी करण्यास बोलाविले आणि त्यांच्या शिफारशींवरून १९७५ साली स्वतंत्र मनुष्यबळ विकास विभाग स्थापन केला. माणसाच्या कामाचे मोजमाप, त्याच्याशी मोकळेपणाने केलेली चर्चा, त्याचे प्रशिक्षण आणि त्याची पुढील वाटचाल यांचा एकत्र विचार व्हावा, हे त्या शिफारशींचे सार होते. तुलनेने आपल्याकडील गोपनीय अहवाल पाहावा. तो वर्षातून एकदा लिहिला जातो, बंद पाकिटात जातो आणि ज्याच्याविषयी तो असतो त्याला त्यातून काहीच शिकावयास मिळत नाही.

कामातील समाधान म्हणजे पगार, अशी सर्वसाधारण समजूत आहे. अमेरिकेत फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी पिट्सबर्ग परिसरातील सुमारे २०० अभियंते व हिशेबनीस यांच्या मुलाखतींवर आधारलेला अभ्यास १९५९ साली प्रसिद्ध केला. वेतन, कामाची परिस्थिती, वरिष्ठांची वागणूक या गोष्टी अपुऱ्या असल्या की माणूस नाराज होतो. पण त्या पुरेशा झाल्या म्हणजे कामाची गोडी लागतेच असे नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. गोडी लागते ती काही साध्य केल्याच्या जाणिवेतून, कौतुकातून, जबाबदारीतून आणि प्रत्यक्ष कामातून. या निष्कर्षांवर पुढे पुष्कळ वाद झाले. माझी विनंती एवढीच, की त्याचा आधार घेऊन कोणी वेतन कमी ठेवण्याचे किंवा उशिरा देण्याचे समर्थन करू नये. पगार महिन्याच्या ठरल्या तारखेला हाती पडणे ही पहिली पायरी आहे. ती गाळून समाधानाच्या गोष्टी करणे ही थट्टा ठरेल.

आता शिकण्याकडे वळतो. इंग्लंडमधील अभ्यासक मायकेल एरॉट यांनी या शतकाच्या आरंभी नव्याने कामावर रुजू झालेल्या परिचारिका, अभियंते आणि शिकाऊ हिशेबनीस यांचा बारकाईने अभ्यास केला. त्यांचे बहुतांश शिकणे वर्गात झाले नव्हते. ते काम करता करता, शेजारच्या सहकाऱ्याला विचारून, त्याचे पाहून झाले होते. या शिकण्याला तीन गोष्टी परस्परांच्या साहाय्याने लागतात असे एरॉट यांना आढळले : पेलेल असे आव्हान, पाठीशी आधार आणि आत्मविश्वास. आव्हान आहे पण आधार नाही, अशा रात्रपाळीत नवी परिचारिका केवळ भिते. आधार आहे पण आव्हान नाही, अशा ठिकाणी ती कंटाळते. दोन्ही प्रकारांत ती सोडून जाते, आणि आपण मात्र म्हणतो की शिकविले म्हणून गेली.

रुग्णालयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा अभ्यास एमी एडमंडसन यांचा आहे. त्यांनी १९९६ साली दोन रुग्णालयांतील आठ विभागांत औषधे देताना होणाऱ्या चुकांविषयी संशोधन प्रसिद्ध केले. जेथे प्रमुख चांगले आणि सहकाऱ्यांत सलोखा तेथे चुका कमी आढळतील, ही अपेक्षा. आकडे उलट आले. चांगल्या विभागांतच चुकांची नोंद अधिक होती. कारण शोधता लक्षात आले, की तेथे चूक बोलून दाखविण्याची भीती नव्हती. अन्यत्र चुका लपविल्या जात होत्या. याचा अर्थ आपण नीट समजून घ्यावा. नोंदवहीत चूक नसणे हे सुरक्षिततेचे लक्षण नव्हे. ते कधी कधी धाकाचे लक्षण असते. ज्या वॉर्डात मावशीलाही “सिस्टर, ही बाटली या खाटेची नव्हे ना?” असे विचारता येते, तेथे रुग्ण अधिक सुरक्षित असतो, आणि काम करणाऱ्यालाही आपल्या शब्दाला किंमत आहे असे वाटते.

हे सारे परदेशातले झाले, अशी शंका कोणास येईल. म्हणून जामखेडचे उदाहरण देतो. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली त्या दुष्काळी तालुक्यात काम सुरू केले. प्रशिक्षित परिचारिका खेड्यात नेमण्याचा प्रयत्न नीट जमला नाही, तेव्हा गावानेच निवडलेल्या स्त्रियांना आरोग्याचे शिक्षण देण्याचा मार्ग त्यांनी स्वीकारला. त्यांतील अनेकींना अक्षरओळख नव्हती आणि अनेकजणी गावकुसाबाहेरच्या होत्या. त्या दर आठवड्याला जामखेडला एकत्र येत, आपापल्या गावात काय घडले ते सांगत, अडलेले विचारीत, नवे शिकून परत जात आणि लगेच वापरून पाहत. आधी अनुभव, मग धडा, पुन्हा अनुभव, असा तो क्रम होता. या स्त्रियांनी सुरक्षित बाळंतपणे केली आणि कुपोषित मुलांची काळजी घेतली. १९७९ साली आरोळे दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ज्यांना गावात कोणी विचारीत नव्हते त्यांचा सल्ला गाव घेऊ लागले, हे समाधान पैशात मोजता येणारे नव्हते.

लहान गावात शिकण्यासारखे काय असणार, असे मानणाऱ्यांनी आपल्या शेजारच्या महाडकडे पाहावे. १९७६ साली बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झालेल्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाच्या रुग्णांजवळ बसून नोंदी ठेवल्या, त्यांवरून उपचार शोधला आणि त्यांचे लेखन ‘लॅन्सेट’सारख्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. कोकणातली खाट हीच त्यांची प्रयोगशाळा होती.

या विवेचनावरून विश्वस्त मंडळापुढे मी पाच सूचना नम्रपणे ठेवीत आहे. पहिली, पाळी बदलताना दोन्ही पाळ्यांतील परिचारिका १५ मिनिटे एकत्र असाव्यात आणि ती मिनिटे कामाच्या वेळेत धरली जावीत. आज ‘ओव्हर’ देणे-घेणे उभ्या उभ्या उरकते. एका परिचारिकेचे ज्ञान दुसरीकडे जाण्याची तीच खरी वेळ आहे. दुसरी, चुका आणि थोडक्यात टळलेल्या चुका यांची वही नावाशिवाय ठेवावी, आणि स्वतःहून चूक सांगणाऱ्यास त्या कारणाने शिक्षा होऊ नये. जाणूनबुजून केलेला हलगर्जीपणा अर्थातच यात येत नाही. तिसरी, गोपनीय अहवालाव्यतिरिक्त प्रत्येक कर्मचाऱ्याशी वर्षातून दोनदा वरिष्ठांनी समोरासमोर बोलावे. त्या बोलण्याचा वेतनवाढीशी संबंध नसावा. चौथी, या सर्वांत मावशी, वॉर्डबॉय, चालक आणि केसपेपर काढणारे लिपिक यांचाही समावेश असावा. पाचवी, कर्मचाऱ्यांची मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवण्याची जी प्रथा काही ठिकाणी आढळते, ती आपण कधीही स्वीकारू नये. अशा रीतीने थांबविलेली व्यक्ती हजेरीपटावर असते, पण तिचे मन कामात नसते.

यास पैसा लागेल काय? थोडा लागेल. रोज १५ मिनिटे म्हणजे वर्षाअखेरीस बरेच तास होतात, याचा हिशेब मी करू शकतो. परंतु एक अनुभवी परिचारिका गेल्यावर नवी शोधणे, तिला तयार करणे आणि मधल्या काळात इतरांवर पडणारा दुहेरी पाळ्यांचा भार, हा खर्च कोणत्याच खात्यावर पडत नाही, म्हणून तो आपल्या नजरेस येत नाही. तो मांडून पाहिल्यास शिकविणे महाग ठरणार नाही, असा माझा विश्वास आहे.

शेवटी ‘शिकवले की जातात’ या वाक्याविषयी. काही जातीलच. त्या जेथे जातील तेथील रुग्णांची सेवा करतील आणि हेही धर्मादाय संस्थेच्या कार्यात बसते. परंतु न शिकविलेल्या माणसांना आपण येथेच ठेवून घेतले, तर त्याची किंमत आपल्याच खाटेवरचा रुग्ण मोजतो. सूचनांचा विचार व्हावा, त्यांत आवश्यक ती भर घालावी, आणि पुढील वार्षिक अहवालात खाटा व शस्त्रक्रिया यांच्या तक्त्याशेजारी कोण काय शिकले याचाही एक लहानसा तक्ता असावा, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.