युरोपचे बदलते हवामान आणि प्रवासी स्त्रीचे सामान

युरोपच्या सहलीची तयारी सुरू झाली की महाराष्ट्रातील घरांत पहिली खरेदी होते ती जाड कोटाची, आणि तिच्यामागे युरोप म्हणजे थंडी ही समजूत असते. ही समजूत अर्धी खरी असल्यामुळे ती पूर्ण चुकीच्या समजुतीपेक्षा अधिक त्रास देते. मे महिन्याच्या सुटीत निघणारी सहल सामान्यतः लंडनहून पॅरिस, ॲम्स्टरडॅम आणि ऱ्हाईन नदीच्या खोऱ्यातून स्वित्झर्लंडला येते आणि तेथून व्हेनिस, फ्लॉरेन्स करीत रोमला संपते. म्हणजे पंधरवड्याच्या आत प्रवासी निरनिराळ्या हवामानांच्या प्रदेशांतून आणि सुमारे साडेतीन हजार मीटरच्या चढउतारातून जातो. अशा प्रवासात तयारी तफावतीची करावी लागते. केवळ थंडीच्या तयारीने गेलेली स्त्री रोमच्या दुपारी घामाघूम होते आणि जो कोट तिने हौसेने घेतला तो उरलेला सगळा प्रवास हातावर वागवीत फिरते.

ही तफावत कशी निर्माण होते हे समजून घेतल्याशिवाय बॅगेचा विचार करता येत नाही. मुंबई १९ अक्षांशावर आहे, तर पॅरिस ४९ आणि लंडन साडेएक्कावन्न अक्षांशाजवळ आहे. तरीही लंडनचा हिवाळा त्याच अक्षांशावरील कॅनडाच्या अंतर्भागाइतका कडक नसतो, कारण उत्तर अटलांटिक प्रवाह या नावाने ओळखला जाणारा उबदार सागरी प्रवाह आणि समुद्रावरून येणारे पश्चिमी वारे त्या किनाऱ्याला सौम्य ठेवतात. यालाच सागरी हवामान म्हणतात. त्याचे लक्षण असे की तेथे उन्हाळा-हिवाळ्यात टोकाचे अंतर नसते, पण पाऊस कोणत्याही महिन्यात येऊ शकतो. लंडनचा वर्षाचा पाऊस सुमारे ६०० मिलिमीटर, म्हणजे मुंबईच्या दोन हजारांहून अधिक मिलिमीटरच्या तुलनेत किरकोळच. मात्र मुंबईत तो चार महिन्यांत कोसळतो आणि लंडनमध्ये वर्षभर रिमझिमत राहतो. त्यामुळे मुंबईची मोठी छत्री तेथे फारशी उपयोगी पडत नाही, कारण रिमझिमीबरोबर येणारा वारा ती उलटी करतो. डोके झाकणारी टोपी शिवलेला पातळ, जलरोधक विंडचीटर तेथे छत्रीपेक्षा अधिक काम देतो आणि दोन्ही हात मोकळे ठेवतो.

समुद्रापासून दूर असलेल्या प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट या शहरांत खंडीय हवामान असते. जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते आणि लवकर निवते, म्हणून तेथे उन्हाळा चांगलाच तापतो, हिवाळ्यात पारा शून्याखाली जातो आणि वसंतात दिवस-रात्रीच्या तापमानातही बरेच अंतर पडते. दक्षिणेकडे रोम, अथेन्स, बार्सिलोना येथे भूमध्य सागरी हवामान आहे, ज्यात उन्हाळा कोरडा आणि तापलेला असतो व पाऊस मुख्यतः हिवाळ्याच्या बाजूला पडतो. या तिन्हींवर चौथा घटक चढतो तो उंचीचा. दर हजार मीटर चढताना हवेचे तापमान सरासरीने साडेसहा अंश सेल्सिअस उतरते. इंटरलाकेन हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मीटरवर आहे आणि १९१२ साली सुरू झालेल्या डोंगरी रेल्वेचे युंगफ्राऊयोख हे स्थानक ३,४५४ मीटरवर. सकाळी गावात वीस अंश असतील तर तो नियम लावून वर एक अंशाच्या आसपास तापमान निघते, आणि वारा असेल तर त्वचेला ते त्याहून पुष्कळ कमी जाणवते. ऐन जुलैतही तेथील सरासरी शून्याच्या जवळपासच राहते. शिवाय शालेय भूगोलात वाचलेले फॉन वारे, म्हणजे आल्प्स ओलांडून उतरताना कोरडे आणि उष्ण होणारे वारे, एखाद्या दरीतील थंडी काही तासांत पळवून लावतात. तर मिस्ट्रल हा ऱ्होन नदीच्या खोऱ्यातून दक्षिण फ्रान्सकडे वाहणारा गार वारा स्वच्छ उन्हातही अंगात भरतो.

या सर्वांना पुरून उरणारे तत्त्व थरांचे आहे. कापड स्वतः उष्णता निर्माण करीत नाही. शरीराची उष्णता धरून ठेवते ती कापडाच्या धाग्यांत आणि दोन कापडांच्या मध्ये अडकलेली स्थिर हवा. जुन्या लुगड्यांचे थर एकमेकांवर टाचून शिवलेली गोधडी याच कारणाने ऊब देते. म्हणून एका जाड कोटापेक्षा तीन पातळ थर अधिक उपयोगी पडतात, आणि त्यांचा खरा फायदा असा की ते एकेक करून काढता येतात. अंगालगतचा पहिला थर घाम टिपून बाहेर सोडणारा हवा. येथे सुती कापड कमी पडते, कारण ते ओले झाले की ओलेच राहते आणि भिजलेल्या धाग्यांत हवा न उरल्याने ऊब जाऊन उलट गारवा लागतो. मेरिनो जातीच्या मेंढीची बारीक लोकर किंवा बाजारात थर्मल म्हणून मिळणारे कृत्रिम धाग्याचे तंग कपडे हे काम करतात. लोकरीचा विशेष असा की ती आपल्या वजनाच्या सुमारे तीस टक्क्यांपर्यंत आर्द्रता शोषूनही ओली भासत नाही. मधला थर ऊब साठवणारा, म्हणजे हलका स्वेटर किंवा फ्लीस या केसाळ कृत्रिम कापडाचे जाकीट. बाहेरचा थर वारा आणि पाऊस अडवणारा, म्हणजे वर सांगितलेला विंडचीटर.

मराठी स्त्रीला यासाठी आपला पोशाख टाकून द्यावा लागत नाही, हे आवर्जून सांगितले पाहिजे. थर्मलवर कुडता, कुडत्यावर फ्लीस, सलवारीच्या आत लोकरी लेगिंग आणि सर्वांवर विंडचीटर अशी रचना युंगफ्राऊयोखला पुरते. गाडीत किंवा उपाहारगृहात शिरताच वरचे दोन थर उतरवता येतात, आणि ते उतरवावेच लागतात, कारण थंड देशांतील बंद जागा तापवलेल्या असतात आणि तेथे तसेच बसले तर घाम येऊन बाहेर पडल्यावर अधिक हुडहुडी भरते. कुडत्याची लांबी मात्र मांडीपर्यंतच ठेवावी, म्हणजे तो विंडचीटरखाली राहतो. बाहेर लोंबणारा काठ बर्फात भिजला की दिवसभर पायांना चिकटत राहतो. साडीचा प्रश्न जुना आहे. १८८३ साली पंडिता रमाबाई इंग्लंडला आणि आनंदीबाई जोशी अमेरिकेला गेल्या, तेव्हा देशी वेश राखण्याचा त्यांचा निर्धार हा स्वत्वाचा होता, पण नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहत असल्याने त्या हवेत तो शरीराच्याही कसोटीचा होता. आज एखाद्या समारंभासाठी साडी न्यायची असेल तर सिंथेटिक किंवा हलक्या रेशमाची एकच पाचवारी न्यावी आणि परकराऐवजी आत लोकरी लेगिंग घालावी. बर्फावर चालताना मात्र साडी नेसू नये, कारण ओला काठ आणि निसरडी वाट यांचा मेळ धोक्याचा असतो.

थंडी स्त्रीच्या शरीराला कशी लागते याचा विचार खरेदीच्या यादीत क्वचितच होतो. थंडीत शरीर मध्यभागाची उष्णता राखण्यासाठी हातापायांकडील रक्तवाहिन्या आकुंचित करते आणि स्त्रियांचे हातपाय सामान्यतः पुरुषांपेक्षा लवकर गार पडतात. त्यामुळे कोटावर खर्च करण्यापूर्वी चांगले हातमोजे, लोकरी पायमोजांचे तीन जोड आणि कानांवर उतरणारी कानटोपी यांवर खर्च करणे अधिक शहाणपणाचे ठरते. सहलींतील पुष्कळ स्त्रिया पंचेचाळीस ते साठ या वयाच्या असतात, म्हणजे रजोनिवृत्तीच्या काळातून जात असतात किंवा नुकत्या गेलेल्या असतात. या काळात अंगातून एकाएकी गरम वाफा निघाल्यासारखे वाटते आणि पाठोपाठ थंडी वाजते; गळाबंद जाड स्वेटर घातलेल्या स्त्रीची अशा वेळी फार कुचंबणा होते. पुढून उघडणारे थर हा तिच्यासाठी सोयीचा नव्हे, आरोग्याचा भाग आहे आणि त्याबद्दल संकोच करण्याचे काही कारण नाही. ज्यांना पाळी येते त्यांनी प्रवासाच्या ताणाने आणि वेळेच्या फरकाने ती पुढेमागे होऊ शकते हे धरून, तारीख दूर असली तरी सवयीचे पॅड हातातल्या पिशवीत ठेवावेत. मेन्स्ट्रुअल कप, म्हणजे आत बसवून रिकामा करून पुन्हा वापरायची सिलिकॉनची वाटी, ज्या वापरतात त्यांनी ती सवय प्रवासाच्या दोन-तीन महिने आधी करून घ्यावी. तेथील स्वच्छतागृहांत पाण्याचा फवारा नसतो आणि अनेक ठिकाणी पैसे मोजून आत जावे लागते, म्हणून सुट्या नाण्यांचे लहान पाकीट आणि अर्ध्या लिटरची रिकामी बाटली या दोन वस्तू कोणत्याही सौंदर्यप्रसाधनापेक्षा अधिक वेळा उपयोगी पडतात.

उंचीवर दोन गोष्टी आणखी बदलतात. साडेतीन हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोनतृतीयांश असतो, त्यामुळे भराभर चालल्यास दम लागतो. रक्तदाब, दमा किंवा हृदयाचा विकार असलेल्या स्त्रीने वर जाण्याविषयी निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारावे. दुसरे म्हणजे अतिनील किरणे, म्हणजे त्वचा आणि डोळे पोळणारे डोळ्यांना न दिसणारे सूर्यकिरण, दर हजार मीटरला सुमारे दहा टक्क्यांनी वाढतात, आणि ताजा बर्फ त्यांपैकी ऐंशी टक्क्यांपर्यंत परतवून लावतो. थंडी असल्याने ऊन जाणवत नाही आणि संध्याकाळी चेहरा भाजलेला आढळतो. गॉगल आणि सनस्क्रीन म्हणूनच रोमपेक्षा स्वित्झर्लंडसाठी अधिक आवश्यक आहेत.

याउलट टोकही ध्यानात ठेवावे. २५ जुलै २०१९ रोजी पॅरिसमध्ये ४२.६ अंश तापमान नोंदले गेले, जुलै २०२२ मध्ये इंग्लंडने प्रथमच चाळीस अंश ओलांडले, आणि त्या देशांतील जुनी घरे व अनेक लहान हॉटेले उष्णता आत राखण्यासाठी बांधलेली असल्यामुळे तेथे छताला पंखा नसतो. जून ते ऑगस्टमध्ये जाणाऱ्या स्त्रीने दोन-तीन सैल सुती कुडते आणि झोपण्याचे पातळ सुती कपडे घ्यायला हवेत. सुताचे जे अवगुण बर्फात सांगितले तेच येथे गुण ठरतात. दिवाळीच्या सुटीत जाणाऱ्यांसाठी गणित पुन्हा बदलते, कारण ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास मागे जातात, अंधार लवकर पडतो, आणि व्हेनिसमध्ये शरदापासून हिवाळ्यापर्यंत भरतीचे पाणी चौकांत शिरण्याचा काळ असतो, ज्यासाठी भिजले तरी चालतील असे बूट हवेत.

बुटांबद्दल तडजोड करू नये. युरोपातील जुन्या शहरांचे रस्ते दगडी ठोकळ्यांचे असतात, त्यांच्या फटींत उंच टाच अडकते आणि पावसात ते दगड निसरडे होतात. जाड, खाचांच्या तळाचे, पायात मुरलेले बूट न्यावेत. नवे बूट निदान महिनाभर घालून फिरल्याशिवाय प्रवासाला नेले तर पहिल्याच दिवशी टाचेला फोड येतो आणि मग सगळे हवामान सारखेच वाटते.

एका वस्तूविषयी मात्र कौतुकाने लिहावे लागते, ती म्हणजे ओढणी. रोमच्या सेंट पीटर्स बॅसिलिकात आणि इटलीतील अनेक चर्चमध्ये खांदे व गुडघे झाकलेले असावे लागतात, तेथे ती खांद्यांवर येते. विमानात पांघरूण होते, बोटीवर कान बांधते, उन्हात डोक्यावर जाते. लोकरीच्या पातळ स्टोलपेक्षाही अडीच मीटरची साधी ओढणी अधिक कामे करते, आणि ती प्रत्येक मराठी स्त्रीच्या कपाटात आधीपासून असते.

खाण्याच्या पदार्थांचा विषय थोडक्यात पण काटेकोरपणे हाताळला पाहिजे. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशांना मांस आणि दुधाचे पदार्थ सामानात नेण्यास मनाई आहे; तूप, पनीर आणि खवा त्यात येतात. ताज्या फळांना वनस्पती-आरोग्याचा दाखला लागतो आणि केळी, अननस, नारळ, खजूर अशा मोजक्याच फळांना त्यातून सूट आहे, म्हणून मे महिन्यात हापूसची पेटी नेण्याचा मोह आवरावा. चिवडा, मेतकूट, तेलातली दशमी, कोरडी चटणी हे मात्र निर्धास्तपणे नेता येते.

या सगळ्या सामानाचे वजन अखेर कोणाच्या हातात येते हा प्रश्न राहतो. मराठी घरात संपूर्ण कुटुंबाची बॅग बहुधा स्त्रीच भरते, मुलांचे स्वेटर, नवऱ्याची औषधे, सासूबाईंचे पायमोजे आधी भरले जातात आणि तिच्या वस्तूंना उरलेली जागा मिळते. हा क्रम बदलणे आवश्यक आहे. प्रत्येकाची बॅग प्रत्येकाने भरावी आणि उचलावी, कारण व्हेनिसमध्ये चारशेहून अधिक पूल आहेत व त्यांतील बहुतेकांना पायऱ्या आहेत, जुन्या रेल्वे स्थानकांत लिफ्ट असेलच असे नाही, आणि दोन बॅगा ओढणारी स्त्री पायऱ्यांशी येताच परावलंबी होते. पंधरा दिवसांसाठी पंधरा जोड लागत नाहीत. पाच-सहा वरचे कपडे, तीन खालचे, आणि रात्री धुऊन सकाळी वाळतील असे आतल्या कपड्यांचे पाच जोड पुरतात, फक्त धुण्याच्या साबणाची वडी आणि दोरीचा एक तुकडा बरोबर हवा. ओले कपडे टॉवेलात गुंडाळून पिळले तर बरेचसे पाणी निघून जाते. रोजची औषधे मूळ वेष्टनात, औषधाचे शास्त्रीय नाव लिहिलेल्या चिठ्ठीसह केबिनच्या पिशवीत ठेवावीत, कारण भारतातील व्यापारी नावे तेथील औषधविक्रेत्याला कळत नाहीत आणि प्रतिजैविके तेथे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत. त्याच पिशवीत एक थर्मल, एक जोड कपडे आणि कानटोपी असावी, म्हणजे मोठी बॅग एखाद्या दिवशी उशिरा आली तरी अडत नाही. द्रव वस्तूंच्या बाटल्या मात्र शंभर मिलिलिटरहून मोठ्या नसाव्यात. निघण्याच्या आठवडाभर आधी बॅग पूर्ण भरून घराच्या जिन्याने दोन मजले खाली नेऊन पुन्हा वर आणावी, आणि वाटेत जिथे थांबावे लागेल तिथे कोणती वस्तू काढायची हे त्याच पायरीवर ठरवावे.