इतिवृत्ताच्या वहीवरचा हक्क



स्थानिक स्वराज्याची चर्चा निघाली की आपण बहुधा निधी, अधिकार आणि निवडणुका यांचाच ऊहापोह करतो. परंतु ज्या सभेत तो निधी खर्ची पडतो आणि ते अधिकार वापरले जातात, तिची नोटीस कोणाच्या हाती पडते, तिचे इतिवृत्त कोण लिहितो आणि लिहिलेले कोणाच्या दृष्टीस पडते, हा प्रश्न मला त्या तिन्हींहून मूलगामी वाटतो.

सभा खुली असावी हे तत्त्व आपल्याकडे नवे नाही. मुंबई महानगरपालिकेच्या 1888 च्या अधिनियमात, उपस्थित सदस्यांनी बहुमताने अन्यथा ठरवले नसेल तर सभा लोकांस खुली राहील, अशी तरतूद आहे. 24 एप्रिल 1993 रोजी अमलात आलेल्या 73 व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला राज्यघटनेत स्थान दिले. आणि आपल्या 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 7 प्रमाणे वर्षाकाठी निदान चार ग्रामसभा व्हाव्या लागतात, ज्यांची गणपूर्ती मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी जी संख्या कमी असेल ती. कायद्याची उणीव म्हणून दुःख करावे अशी ही स्थिती नव्हे.

दुःख आहे ते दप्तरात. गणपूर्ती झाली नाही म्हणून सभा तहकूब करावयाची आणि तहकूब सभेस गणपूर्तीची अट नाही म्हणून ती मूठभर माणसांत उरकावयाची. उपस्थितीच्या सह्यांचा कागद मागाहून शिपायाबरोबर घरोघर फिरवावयाचा. वहीत दोन ठरावांमध्ये चार ओळी कोऱ्या सोडावयाच्या. आणि गावठाणालगतच्या जमिनीचा ना-हरकत दाखला ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय’ या मथळ्याखाली, सूचक-अनुमोदकांच्या नावांनिशी, त्या कोऱ्या ओळींत बसवावयाचा. ही रीत आपणांपैकी कोणास अपरिचित आहे असे मला वाटत नाही. याचा सारा दोष मी ग्रामसेवकाच्या माथी मारणार नाही; दोन-तीन गावांचा कारभार एकट्याने ओढणाऱ्या आणि गावच्या वजनदार मंडळींच्या मर्जीवर ज्याची बदली लोंबकळते अशा माणसाने कोरी ओळ कोरीच ठेवावी, ही अपेक्षा त्याच्या पाठीशी सभा उभी असेल तरच न्याय्य ठरते.

सभा उभी राहिली की काय घडते, हे राजस्थानातील कोटकिराना या गावी 1994 साली दिसले. मजदूर किसान शक्ती संघटनेने भरवलेल्या तेथील जनसुनावणीत विकासकामांची हजेरीपत्रके आणि देयके लोकांसमोर मोठ्याने वाचली गेली, आणि कागदावर मजुरी घेतलेल्या नावांची गाठ प्रत्यक्ष माणसांशी पडली. लेखापरीक्षकाच्या शेऱ्याहून हे वाचन प्रभावी ठरले, कारण कोणत्या कामावर कोण राबले हे ऐकणाऱ्यांना स्वतः ठाऊक होते. पुढे 2005 च्या माहितीच्या अधिकारापर्यंत गेलेल्या चळवळीचे एक मूळ तेथे आहे. त्या कायद्याच्या कलम 4 ने कार्यालयांवर अर्जाची वाट न पाहता माहिती प्रसिद्ध करण्याचे बंधन घातले असतानाही, ठरावाच्या एका नकलेसाठी शेतकऱ्याने अर्ज, अपील आणि द्वितीय अपील यांच्या पायऱ्या झिजवाव्यात, हे मला असह्य वाटते. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाने निर्णय सर्वसहमतीने, साऱ्या गावादेखत घेण्याची शिस्त कित्येक वर्षे सांभाळली आहे. तेव्हा हे आपल्या मातीत अशक्य आहे असे कोणी म्हणू नये.

शहरांविषयी थोडेच बोलतो. 74 व्या घटनादुरुस्तीने तीन लाख वा अधिक वस्तीच्या नगरांत प्रभाग समित्या आणल्या, आपल्या राज्याच्या कायद्यात क्षेत्रसभाही आली. पण क्षेत्रसभेला बसलेला नागरिक शोधूनच काढावा लागेल.

म्हणून या परिषदेपुढे माझी मागणी एकच आहे: सभा उठण्यापूर्वी इतिवृत्त तिथल्या तिथे मोठ्याने वाचले जावे, कोऱ्या जागा लोकांदेखत रेघ मारून बंद कराव्यात, सह्या त्यानंतरच घ्याव्यात, आणि त्याची नक्कल दुसऱ्या दिवशी फलकावर लागावी. उद्याच्या खुल्या अधिवेशनात हा ठराव येणार आहे. ज्यांना तो अव्यवहार्य वाटतो त्यांनी आपला विरोध निःसंकोच मांडावा, आणि चिटणीसांनी तो त्यांच्या नावानिशी नोंदवून, सभा उठण्याआधी वाचून दाखवावा.