काचेमागचं लुगडं

नवेगाव बांधहून आम्ही बचत गटाच्या बाया बोलतोय. आजचा विषय आहे कपड्यांचं प्रदर्शन. विक्रीचं नाही हो, नुसतं पाहायचं.

2023 मध्ये मुंबईत ‘इंडिया इन फॅशन’ नावाचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. आपल्या कापडाचा, पेहरावाचा जगाच्या फॅशनवर काय परिणाम झाला, ते त्यात मांडलं होतं. अहमदाबादचं कॅलिको संग्रहालय तर 1949 पासून आहे. अशा ठिकाणी कापड चित्रासारखं मांडतात. उजेड मुद्दाम मंद ठेवतात, कारण उजेडानं रंग विटतो, रेशीम विरतं. हात लावू देत नाहीत. आपणही पेटीतलं लुगडं जुन्या धोतरात बांधतो, मधून मधून घडी बदलतो. घडीवर कापड तुटतं हे आपल्या आज्यांना ठाऊक होतं. संग्रहालयवाले ते रुळावर गुंडाळून ठेवतात, एवढंच.

आता आपल्या भागातली करवतकाठी घ्या. अंग कोशाचं, काठ सुताचा, आणि दोन्ही भेटतात तिथे करवतीसारखे दाते. हे दाते छापलेले नाहीत, भरलेलेही नाहीत. मागावर तीन धोटे चालतात, दोन काठांचे दोन आणि अंगाचा एक. दर ओळीला काठाचा धागा अंगाच्या धाग्यात अडकवून परत फिरवायचा. एक धागा चुकला की दाता बिघडला. भंडाऱ्याकडच्या आंधळगाव-मोहाडीचे विणकर हे करत आले. त्याआधी ऐन-अर्जुनाच्या झाडांवर अळ्या राखणारे ढिवर आले, आणि कोसा उकळून मांडीवर सूत वळणाऱ्या बाया आल्या. सूत वळून वळून मांडीची कातडी सोलून निघायची. आता त्यासाठी यंत्रं आली, हे बरं झालं.

करवतकाठीला भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे नाव प्रदेशाचं झालं. पण माणसाचं? नव्या पोशाखाखाली डिझायनरचं नाव लिहितात. जुन्या लुगड्याखाली बहुतेक वेळा कापडाचा प्रकार, प्रदेश, अंदाजे काळ, बस. चित्राखाली चित्रकाराचं नाव असतं ना? मग लुगड्याला कला म्हणायचं आणि विणणाऱ्याला निनावी ठेवायचं, हे आम्हाला पटत नाही. डोकं नसलेल्या पुतळ्याला नऊवार नेसवलेलंही आम्हाला पटत नाही. कासोट्याची ऐट चालणाऱ्या बाईतच दिसते!

म्हणून आम्ही आमच्या बैठकीच्या खोलीत एक दिवस लुगडी मांडणार आहोत. प्रत्येकीसोबत एक चिठ्ठी: कोणाच्या लग्नातली, कुठून घेतली, विणणारा कोण, सूत कोणी काढलं. जेवढं आठवतं तेवढंच लिहा. आठवत नसेल तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आजच विचारा. लुगडं धुऊ नका, इस्त्री करू नका. सुती कापडात गुंडाळून, काठ वर दिसेल असं आणा. आणि फाटलं असेल तरी आणा. विण फाटल्या जागी जास्त नीट दिसते.