ॲप रिजेक्ट झालं, आणि आई म्हणाली, "बरं झालं!"

आजचा एपिसोड रिजेक्शनवर. लग्नाच्या नाही, ॲपच्या.

आईच्या बचत गटाचा हिशोब वहीत असतो. बेरीज चुकली की अर्धी मीटिंग त्यातच जाते. म्हटलं, आपण बीटेक, एक ॲप बनवून देऊ. 25 डॉलर भरून गूगल प्लेचं डेव्हलपर अकाउंट काढलं. तिथे नव्या पर्सनल अकाउंटला आधी किमान 12 टेस्टर सलग 14 दिवस लागतात. आपल्याकडे टेस्टर तयारच, गटातल्या बायका!

मग सबमिट केलं. पहिलं रिजेक्शन: रिव्ह्यूअरला लॉगिनच करता आलं नाही. आमचं लॉगिन ओटीपीवर. तो ओटीपी त्या माणसाला मिळणार कसा? प्ले कन्सोलमध्ये 'ॲप ॲक्सेस' असा भाग असतो, तिथे कायम चालणारं टेस्ट लॉगिन द्यायचं असतं. ॲपलसुद्धा डेमो अकाउंट मागतं. मी ती जागा रिकामी सोडली होती. चूक माझीच.

दुसरं रिजेक्शन मात्र डोक्यात गेलं. सभासद जोडताना ॲप फोनमधले कॉन्टॅक्ट्स वाचायचं, आणि आत 'कर्ज', 'हप्ता', 'व्याज' असे शब्द. 2023 पासून प्ले स्टोअरवर वैयक्तिक कर्जाच्या ॲप्सना कॉन्टॅक्ट्स आणि फोटो वाचायला बंदी आहे. मी वैतागलो. अरे, हे लोन ॲप नाहीये, माझ्या आईचा गट आहे!

आईला सांगितलं, तर म्हणते, "बरं झालं!" गटातल्या एका काकूंच्या मुलाने कुठल्याशा ॲपवरून पाच हजार घेतले होते. हप्ता थकला आणि फोन सुरू झाले. त्याला नाही, काकूंना, मामांना, त्याच्या जुन्या बाईंना. नंबर कुठून मिळाले? त्याने 'अलाउ' दाबलं होतं, तिथून.

मी गप्प बसलो. रिव्ह्यूअरला माझा हेतू दिसत नाही, मी काय मागतोय ते दिसतं. आणि उद्या माझा सर्व्हर कुणी फोडला तर चांगल्या हेतूचं काय करायचं? पंधरा नंबर हाताने टाइप करायला दहा मिनिटं लागतात. तेवढ्यासाठी मी अख्खी फोनबुक मागत होतो.

परमिशन काढून टाकली. गट कर्ज कुणाला आणि कसं देतो, ॲप फक्त नोंद कशी ठेवतं, ते नीट लिहून दिलं. तिसऱ्यांदा पास!

पण रिव्ह्यू झाला म्हणजे ॲप शंभर टक्के सेफ, असं समजू नका. काकूंच्या मुलाच्या फोनमध्येही ते ॲप कुठून तरी आलंच होतं ना? म्हणून आत्ता एपिसोड पॉज करा. सेटिंग्जमध्ये परमिशन मॅनेजर शोधा, कॉन्टॅक्ट्स उघडा. ज्या ॲपला गरज नाही, त्याची परमिशन बंद करा.

आणि हो, आईचा नंबरही तुमच्याच फोनमध्ये आहे.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!