नीटमध्ये मार्क कमी आले, आता अर्ज करायचा का?

(बारावी विज्ञान शाखेचे विद्यार्थी आणि पालक यांच्यासाठी झालेल्या मार्गदर्शन मेळाव्यातील भाषण, थोडे संपादन करून.)



मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो. मी इंजिनिअर आहे, एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करतो. तरी आयोजकांनी मला बोलावलं, कारण गेली काही वर्षं निकाल लागला की नात्यातली, मोहल्ल्यातली मुलं-मुली मला आपलं स्कोअरकार्ड पाठवतात आणि मी त्यांच्या घरी बसून आकडे मांडून देतो. डॉक्टर व्हावं की नाही, हे मी कुणालाच सांगत नाही. ते ज्याचं त्याने ठरवायचं. पण ठरवताना समोर खरे आकडे असावेत, एवढाच माझा आग्रह असतो.

माझ्याकडे येणारे बहुतेक जण २५०, ३२०, ४०० मार्कांचे असतात. ७२० पैकी. यांच्या घरात त्या आठवड्यात दोन आवाज असतात. एक म्हणतो, 'अजून एकदा दे, मामूंच्या मुलाचं तिसऱ्यांदा झालं.' दुसरा म्हणतो, 'अमुक एजंटचा फोन आला होता, बाहेरच्या देशात होऊन जातं.' पोरगं मधे गप्प बसलेलं असतं. आजचं बोलणं त्या पोरासाठी आणि त्या पोरीसाठी आहे.

पहिली गोष्ट. 'क्वालिफाय झालो' आणि 'सीट मिळाली' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०२५ मध्ये सुमारे २२ लाख मुलांनी परीक्षा दिली, १२ लाखांहून जास्त क्वालिफाय झाले. खुल्या प्रवर्गाची पात्रता १४४ मार्कांवर होती, ओबीसी, एससी, एसटीची ११३ वर. आणि तेव्हा देशात एमबीबीएसच्या जागा किती होत्या? साधारण १ लाख २० हजार, त्यातल्या ढोबळमानाने निम्म्या सरकारी. म्हणजे क्वालिफाय झालेल्या दहा जणांमागे जागा एक. पात्रतेचा अर्थ इतकाच की तुम्हाला रांगेत उभं राहता येतं. निकालाच्या दिवशी मोहल्ल्यात पेढे वाटले जातात आणि सप्टेंबरात त्याच घरात रडारड होते, ती हा फरक कुणी समजावून न सांगितल्यामुळे.

दुसरी गोष्ट. मार्क बघू नका, रँक बघा. २०२४ मध्ये ६५० किंवा त्याहून जास्त मार्क मिळवणारे सुमारे ३० हजार होते. २०२५ चा पेपर इतका अवघड निघाला की पहिल्या आलेल्यालाच ६८६ मार्क होते, आणि ६५० च्या वर देशभरात फक्त ७३ जण. त्यामुळे 'चुलतभावाला इतक्या मार्कांवर मिळालं होतं' हे वाक्य डोक्यातून काढून टाका. राज्याच्या सीईटी सेलच्या वेबसाइटवर मागच्या वर्षीच्या प्रवेशयाद्या असतात. त्यातली शेवटच्या फेरीची यादी उघडा. तुमच्या प्रवर्गात शेवटची सरकारी जागा कोणत्या रँकला गेली, शेवटची खासगी जागा कोणत्या रँकला गेली, हे वहीत लिहा. शेजारी तुमची रँक लिहा. अर्ध्या तासाचं काम आहे, आणि त्यातून जे कळतं ते कुठलाही एजंट सांगणार नाही.

आता 'तुमचा प्रवर्ग' म्हणजे काय, ते बोलू. आपल्याकडे सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. राज्यात मुस्लिम म्हणून वेगळं आरक्षण आज नाही. २०१४ मध्ये पाच टक्क्यांचा अध्यादेश निघाला होता, शिक्षणापुरतं ते आरक्षण उच्च न्यायालयाने अडवलं नव्हतं, पण अध्यादेशाचा कायदा झाला नाही आणि तो संपला. मात्र बागवान, तांबोळी, अत्तार, मण्यार, पिंजारी अशा कितीतरी मुस्लिम जाती राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. तुमची जात यादीत असेल तर जातीचा दाखला, नॉन क्रिमिलेअर आणि जात वैधता प्रमाणपत्र, तिन्ही लागतात. दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा, राज्यातल्या वास्तव्याचा पुरावा मागतात. आणि आपल्या आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात नुसतं 'मुसलमान' लिहिलेलं असतं. मग आजोबांच्या भावाचा दाखला शोधा, महसुली नोंदी शोधा, गृहचौकशी होऊ द्या, यात महिने जातात. म्हणून हे काम अकरावीत सुरू करायचं. निकालानंतर सुरू केलं तर प्रवेशाच्या तारखा निघून जातात.

शेख, सय्यद, पठाण अशी खुल्या प्रवर्गातली घरं म्हणतात, आम्हाला काहीच नाही. तसं नाही. कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल आणि जमीन-घराच्या अटींत बसत असाल तर ईडब्ल्यूएसचं प्रमाणपत्र काढता येतं. धर्माचा त्यात काही संबंध नाही. आणखी एक. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी प्रवर्गातल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. प्रवेश सरकारच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला हवा. अभिमत विद्यापीठं आणि व्यवस्थापन कोटा यात येत नाहीत. मी ज्या घरांत जातो त्यातल्या निम्म्या घरांना हे माहीत नसतं, आणि मुलीच्या फीचं कारण सांगून तिला थांबवलेलं असतं.

तिसरी गोष्ट पैशाची. समजा रँक मागे आहे, पण अभिमत विद्यापीठात जागा मिळते आहे. वर्षाची फी २० लाख धरू. एमबीबीएस साडेचार वर्षांचं, म्हणजे ९० लाख. हॉस्टेल, मेस, पुस्तकं वेगळी. आता ९० लाखांचं कर्ज ११ टक्क्यांनी घेतलं तर फक्त व्याज वर्षाला ९ लाख ९० हजार होतं, महिन्याला ८२ हजारांच्या वर. मुद्दल अजून तशीच आहे. नुसत्या एमबीबीएसवर नोकरी करणाऱ्या डॉक्टरला सुरुवातीला काय पगार मिळतो, हे तुमच्या गावातल्या एखाद्या तरुण डॉक्टरला विचारा आणि शेजारी लिहा. त्यात पुढे एमडी, एमएस करायचं तर आणखी तीन वर्षं.

आपल्याकडे अनेक घरांत व्याजाचं कर्ज नको असतं. ती भावना मी समजतो. पण मग काय होतं? जमीन विकली जाते, नाहीतर अम्मीचे दागिने. ती जमीन धाकट्या भावंडांचीही असते. एका मुलाच्या सीटसाठी बाकीच्या दोघींचं शिक्षण थांबवणार असाल, तर तो हिशेबही कागदावर लिहा आणि त्या दोघींना दाखवा. मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाकडून कमी व्याजाचं शैक्षणिक कर्ज मिळतं, त्याची चौकशी जरूर करा. सरकारी कॉलेजच्या फीला त्याचा आधार होतो. ९० लाखांना होत नाही.

चौथी गोष्ट, परदेश. किर्गिझस्तान, कझाकस्तान, उझबेकिस्तान, रशिया, जॉर्जिया. तिथे जाणारा प्रत्येक जण फसतो, असं मी म्हणत नाही. काही जण चांगले डॉक्टर होऊन परत आले आहेत. पण नियम बघा. २०२१ च्या नियमांनुसार तिथला अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा हवा, माध्यम इंग्रजी हवं, बारा महिन्यांची इंटर्नशिप त्याच संस्थेत हवी, आणि त्या देशात डॉक्टरकी करण्याची परवानगी त्या पदवीवर मिळायला हवी. परत आल्यावर एफएमजीई ही परीक्षा, ३०० पैकी १५० मार्क हवेत, आणि मग इथे पुन्हा इंटर्नशिप. गेल्या काही वर्षांत या परीक्षेचा निकाल बहुतेक वेळा १० ते ३० टक्क्यांच्या दरम्यान राहिला आहे. नीटमध्ये फिजिक्स-केमिस्ट्री कच्चं राहिलं म्हणून बाहेर गेलेला मुलगा सहा वर्षांनी पुन्हा एका मोठ्या परीक्षेसमोरच उभा राहतो, आणि तोवर पैसे खर्च झालेले असतात. एजंटला दोनच प्रश्न विचारा. तुमच्या कॉलेजातून मागच्या तीन वर्षांत आलेल्या किती जणांनी एफएमजीई दिली आणि किती पास झाले? त्यातल्या तिघांचे फोन नंबर द्याल का? उत्तर टाळलं, तर तिथून उठायचं.

आता पुन्हा परीक्षा द्यायची का? यावर मी माझ्या कामाची पद्धत सांगतो. आमच्याकडे प्रोग्रॅम चालला नाही तर 'अजून मेहनत करू' असं कुणी म्हणत नाही. कुठे अडलं ते आधी शोधतात. तसंच तुमच्या पेपरचं करा. उत्तरतालिका घेऊन बसा आणि चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे तीनपैकी एक खूण करा. येतच नव्हतं, येत होतं पण चुकलं, की अंदाजाने लिहिलं. समजा ९४ बरोबर आणि ७६ चूक. ९४ चे चौपट ३७६, त्यातून ७६ वजा, ३०० मार्क. या ७६ पैकी चाळीस 'येत होतं पण चुकलं' असतील, तर वर्षभरात मोठा फरक पडू शकतो. कारण असा प्रत्येक प्रश्न सुधारला की पाच मार्क वाढतात, चार मिळतात आणि एक कापला जात नाही. पण ७६ पैकी साठ 'येतच नव्हतं' असतील, आणि शिकवणारा तोच, क्लास तोच, घरातली अभ्यासाची जागा तीच असेल, तर पुढच्या वर्षी आकडा फारसा हलणार नाही.

रिपीट करायचं ठरलं तर थांबण्याची अटही त्याच दिवशी लिहा. उदाहरणार्थ, डिसेंबरपर्यंत मागच्या वर्षांचे पाच पूर्ण पेपर घड्याळ लावून सोडवीन, आणि त्यातला सरासरी आकडा अमुक इतका आला तरच पुढे. नाही आला तर दुसऱ्या प्रवेश परीक्षांचे फॉर्म भरीन. कागदावर अब्बांचीही सही घ्या. अट नसली की एकाचे तीन प्रयत्न होतात आणि मुलगा बावीस वर्षांचा होतो, हातात फक्त बारावी.

मुलींचं गणित उलट आहे, आणि हे इथे बसलेल्या पालकांना उद्देशून बोलतोय. मुलाला तीन प्रयत्न मिळतात, मुलीला एक. तोही स्वयंपाक, पाहुणे आणि धाकट्यांना सांभाळून. त्यात तिला ३८० मिळाले तर 'बघ, जमलं नाही' म्हणून स्थळं बघायला सुरुवात. या परीक्षेची वरची वयोमर्यादा २०२२ मध्ये काढली गेली. घरातली मर्यादा कधी काढणार? भावाला तीन वर्षं दिली असतील, तर जास्त मार्क असलेल्या बहिणीला किमान एक पूर्ण वर्ष द्या, आणि पूर्ण म्हणजे पूर्ण. फीमाफी तर तिच्यासाठीच आहे.

शेवटी अर्जाचं. क्वालिफाय असाल तर राज्याच्या प्रक्रियेत नाव जरूर नोंदवा, खर्च थोडा आहे. याच प्रक्रियेतून बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएस, बीयूएमएस, फिजिओथेरपी यांचेही प्रवेश होतात. पण पर्याय भरताना, मिळालं तर खरंच जाणार असाल, तेच कॉलेज लिहा. नंतरच्या फेऱ्यांत मिळालेली जागा सोडली तर अनामत रक्कम जाते, आणि शेवटच्या फेरीत तर पुढच्या परीक्षेला बसण्यावरही बंदी येऊ शकते. देशपातळीच्या प्रक्रियेत अभिमत विद्यापीठांसाठी ही अनामत दोन लाख रुपये आहे.

आणि युनानी? मालेगाव, पुणे, मुंबई, जळगाव इथे आपल्या संस्थांची युनानी कॉलेजं आहेत. युनानी शिकायचं असेल, ती पद्धत समजून घ्यायची असेल, तर आनंदाने जा. 'नावापुढे डॉक्टर लागतं' एवढ्याचसाठी जाऊ नका. त्यापेक्षा बीएस्सी नर्सिंग, बी. फार्मसी, फिजिओथेरपी किंवा लॅबचं शिक्षण मनापासून घेतलेली मुलगी रुग्णाच्या जास्त कामाची असते. दवाखाना एकट्या डॉक्टरवर चालत नाही, हे दवाखान्यात चार दिवस राहिलेल्या प्रत्येकाला माहीत आहे.

तर घरी जाऊन एका कागदावर पाच ओळी लिहा. माझी रँक. माझ्या प्रवर्गातली मागच्या वर्षीची शेवटची रँक. पूर्ण शिक्षणाचा खर्च आणि तो कुठून येणार. माझ्या चुका कोणत्या प्रकारच्या आहेत. आणि कोणत्या तारखेला मी दुसरा रस्ता धरीन. कागद घेऊन या, मी संध्याकाळपर्यंत इथेच आहे. जातीच्या दाखल्यासाठी आजोबांचे जुने कागद घरात असतील, तर तेही आजच शोधून ठेवा.