एका युनिटमागची राख



हुबळी-धारवाडच्या आकाशात औष्णिक वीजकेंद्राचं धुराडं दिसत नाही. नृपतुंग टेकडीवर चढून चारी दिशा न्याहाळा, कुठंही दिसणार नाही. तरीही संध्याकाळी सात वाजता आपल्या घरांत, बाजारपेठेत, तारिहाळ आणि बेलूरच्या कारखान्यांत जी वीज खेळते, तिच्यातला बराच मोठा वाटा कोळसा जाळून तयार झालेला असतो. हा कोळसा कुठं जळतो, त्याची राख कुठं जाते, त्याला पाणी कोण पुरवतं, हा हिशेब आज आपण मांडणार आहोत.

आपल्याला वीज देते ती हेस्कॉम. तिची मुख्य कचेरी हुबळीच्या नवनगरात आहे. धारवाड, बेळगाव, विजापूर, बागलकोट, गदग, हावेरी आणि उत्तर कन्नड या सात जिल्ह्यांत ती वीज पोचवते. पण हेस्कॉम वीज तयार करत नाही, ती विकत घेऊन वाटते. ज्या जाळ्यातून ती येते, त्यात शरावतीची आणि काळी नदीची जलविद्युत आहे, कैग्याची अणुवीज आहे, गदगच्या माळावरच्या पवनचक्क्या आहेत, पावगड्याचं सौर उद्यान आहे आणि कोळशावरची मोठमोठी केंद्रंही आहेत. एकदा तारेत शिरली की सगळी वीज एकच. तुमच्या पंख्यातली शरावतीची आणि मिक्सरमधली रायचूरची, अशी वाटणी करता येत नाही.

कर्नाटकाच्या विजेची मूळ ओळख पाण्याची. कावेरीवरच्या शिवनसमुद्रम इथून १९०२ साली कोलारच्या सोन्याच्या खाणींना वीज गेली. पुढं शरावतीवर मोठी वीजगृहं उभी राहिली, मग सूपा धरण आणि काळी नदीवरचे प्रकल्प आले. कितीतरी वर्षं हे राज्य जवळजवळ पूर्णपणे पावसावर विसंबून होतं. पाऊस चांगला तर वीज भरपूर, पावसानं दगा दिला की भारनियमन. यातून सुटका व्हावी म्हणून राज्य कोळशाकडे वळलं. कृष्णाकाठी शक्तिनगर इथं रायचूर औष्णिक केंद्राचा पहिला संच १९८५ मध्ये सुरू झाला. आज तिथं आठ संच आहेत आणि क्षमता आहे १७२० मेगावॅट. त्यानंतर बळ्ळारीजवळ कुडतिनी इथं १७०० मेगावॅटचं आणि रायचूरजवळच यरमरस इथं १६०० मेगावॅटचं केंद्र झालं. आपल्याला सर्वांत जवळचं आणि सर्वांत मोठं केंद्र मात्र विजापूर जिल्ह्यातलं कुडगी. राष्ट्रीय औष्णिक विद्युत महामंडळाचं, म्हणजे एनटीपीसीचं. ८०० मेगावॅटचे तीन संच, एकूण २४०० मेगावॅट. गदग-होटगी रेल्वेमार्गावर कुडगी आहे. याच मार्गाच्या पलीकडच्या टोकाला, होटगीच्या परिसरात, एनटीपीसीचंच सोलापूरचं १३२० मेगावॅटचं केंद्र आहे.

आता वीज होते कशी, ते पाहू. मालगाडीतून आलेला कोळसा आधी फोडतात, मग चक्कीत दळतात. इतका बारीक की चिमटीत धरला तर चेहऱ्याला लावायच्या पावडरीसारखा वाटावा. ही भुकटी गरम हवेच्या झोताबरोबर बॉयलरमध्ये फुंकली की ती हवेतल्या हवेतच पेट घेते. बॉयलरच्या भिंती म्हणजे उभ्या नळ्यांच्या रांगा. त्यांतलं पाणी तापतं आणि प्रचंड दाबाची वाफ तयार होते. कुडगीतले संच ‘सुपरक्रिटिकल’ जातीचे आहेत. तिथं दाब इतका असतो की पाणी उकळण्याचा टप्पाच उरत नाही, पाण्याची सरळ वाफ होते. ती वाफ टर्बाइनची पाती मिनिटाला ३००० फेरे या वेगानं फिरवते. त्याच दांड्यावर जनित्र बसवलेलं असतं. त्यातून निघालेली वीज ४०० किलोव्होल्टपर्यंत चढवून लांबच्या वाहिन्यांवर सोडतात. धारवाडजवळच्या नरेंद्र गावचं उपकेंद्र हे अशा वाहिन्यांचं मोठं ठाणं आहे.

या सगळ्यात एक गोम आहे. कोळशातली शंभर भाग उष्णता घेतली, तर नव्या संचातही चाळीसएक भागांचीच वीज होते. जुन्या संचात तर पस्तीसच्या आसपास. उरलेली उष्णता धुराड्यातून आणि थंड करण्याच्या पाण्यातून निघून जाते. यात अभियंत्यांचा हलगर्जीपणा नाही. उष्णतेपासून काम करवून घेताना निसर्ग एवढी वसुली करतोच. पण याचा अर्थ असा की आपण एक युनिट वापरलं, तर त्यासाठी अडीच युनिटांइतकी उष्णता जाळावी लागली.

एका युनिटला आपल्याकडचा कोळसा लागतो साधारण साडेसहाशे ग्रॅम. त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड किलोभराच्या जवळपास. भारतीय कोळशात राखेचं प्रमाण फार, तीस ते चाळीस टक्के. म्हणजे एका युनिटमागं दोनशे-सव्वादोनशे ग्रॅम राख. पाणी तीन ते साडेतीन लिटर, आणि त्यातलं बहुतेक शीतक मनोऱ्यातून वाफ होऊन उडून जातं.

आता महिन्याला १५० युनिटं वापरणारं घर घ्या. ती सगळी कोळशाची धरली, तर जवळजवळ एक क्विंटल कोळसा, तीसेक किलो राख आणि पाचशेएक लिटर पाणी. प्रत्यक्षात आपल्या विजेत पाणी, वारा आणि ऊन यांचा वाटा मोठा आहे, त्यामुळं खरा आकडा याहून कमी. पण प्रमाण लक्षात यावं म्हणून सांगितलं. कुडगीचे तिन्ही संच दिवसभर पूर्ण क्षमतेनं चालले, तर पस्तीस हजार टनांहून जास्त कोळसा लागेल. म्हणजे नऊ-दहा मालगाड्या, रोजच्या रोज.

इथं एक गैरसमज दूर करतो. धारवाड-हुबळीवरून कोळशाच्या वाघिणी जाताना आपण पाहतो. त्यांतल्या गोव्याच्या मुरगाव बंदरातून, कॅसलरॉक-लोंढामार्गे येणाऱ्या गाड्या मुख्यतः तोरणगल्लूकडच्या पोलाद कारखान्यासाठी असतात. त्या कोळशाच्या धुळीवरून वास्कोतले लोक वर्षानुवर्षं भांडत आले आहेत. तो तंटा पोलादाचा. आपल्या विजेचा कोळसा बव्हंशी देशातल्या खाणींतून, दुसऱ्या वाटांनी येतो.

राखेचे दोन प्रकार. जड राख बॉयलरच्या तळाशी पडते. हलकी राख धुरावाटे वर निघते, तिला फ्लाय अ‍ॅश म्हणतात. धुराड्याच्या अलीकडं विजेनं भारलेले पत्रे असतात. ते नव्व्याण्णव टक्क्यांहून जास्त राख पकडून ठेवतात. मग ती पाण्यात कालवून नळातून राखेच्या तलावात सोडतात. खरी अडचण तिथं सुरू होते. उन्हाळ्यात तलावाचा वरचा थर सुकतो आणि वारा सुटला की राख शेजारच्या ज्वारीवर, कापसावर, विहिरीच्या पाण्यावर बसते. राखेत अल्प प्रमाणात आर्सेनिक, पाऱ्यासारखे जड धातू असतात. तलावाच्या तळाला नीट अस्तर नसेल, तर ते भूजलात झिरपतात.

राखेचा उपयोगही होतो. आपल्या बांधकामांवर येणारं पीपीसी सिमेंटचं पोतं वाचून पाहा. त्यावर फ्लाय अ‍ॅशचं प्रमाण छापलेलं असतं. मानकाप्रमाणं ते १५ ते ३५ टक्के चालतं. म्हणजे पन्नास किलोच्या पोत्यात साडेसतरा किलोपर्यंत राख असू शकते. हुबळी-धारवाडात उभ्या राहणाऱ्या नव्या घरांच्या भिंतींत कुठल्या ना कुठल्या केंद्राची राख गेलेली आहे. हे चांगलंच आहे. तलावात पडून उडण्यापेक्षा ती भिंतीत बंदिस्त झालेली बरी. विटा, रस्त्यांचे भराव, यांतही ती जाते. तरी वर्षानुवर्षांचे साठलेले ढीग आहेतच.

डोळ्यांना न दिसणारा भाग हवेचा. कोळशातल्या गंधकापासून सल्फर डायऑक्साइड होतो. तो हवेत शेकडो किलोमीटर वाहत जातो, वाटेत त्याचे अतिसूक्ष्म कण बनतात आणि ते थेट फुप्फुसात शिरतात. ५०० मेगावॅट आणि त्याहून मोठ्या संचांना २७५ मीटर उंच धुराडं बांधतात. त्यानं पायथ्याच्या गावाचा त्रास कमी होतो, पण वायू नाहीसा होत नाही, तो लांब पसरतो. २०१५ च्या डिसेंबरमध्ये केंद्र सरकारनं यासाठी कडक नियम केले. गंधक काढून घेणारी यंत्रणा बसवण्याची मुदत मग पुनःपुन्हा वाढत गेली आणि जुलै २०२५ मध्ये देशातल्या बहुसंख्य केंद्रांना त्या अटीतून मोकळं केलं गेलं. भारतीय कोळशात गंधक कमी असतं, हा त्यामागचा युक्तिवाद. टक्केवारीनं ते खरं आहे. पण जाळायचा कोळसाच कोट्यवधी टन असेल, तर थोड्या टक्क्यांचीही बेरीज मोठी होते.

आणि पाणी. कुडगी केंद्र पाणी घेतं आलमट्टीच्या जलाशयातून. हे कृष्णेचं पाणी. महाबळेश्वरला उगम पावून वाई, कऱ्हाड, सांगली करत ते आलमट्टीला पोचतं. रायचूरचं केंद्रही खाली त्याच नदीवर. शेती, पिण्याचं पाणी आणि वीज, असे तीन दावेदार एकाच नदीवर बसलेले. दुष्काळात काय होतं, ते मराठवाड्यानं दाखवून दिलं. २०१५ च्या उन्हाळ्यानंतर पाऊस लांबला आणि परळीचं वीजकेंद्र पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं. कोळसा होता, यंत्रं होती, माणसं होती, फक्त पाणी नव्हतं.

कुडगी परिसरातल्या शेतकऱ्यांना हीच धास्ती होती. जुलै २०१४ मध्ये तिथलं आंदोलन पेटलं, पोलिसांनी गोळीबार केला, शेतकरी जखमी झाले. त्याआधी आपल्या शेजारच्या उत्तर कन्नड जिल्ह्यात तदडी इथं ४००० मेगावॅटचं केंद्र आखलं होतं. अघनाशिनीच्या खाडीतले मासेमार आणि शेतकरी ठाम उभे राहिले आणि ते केंद्र झालं नाही. तदडी वाचलं, कुडगी वाचलं नाही. वीज मात्र आपल्याला दोन्हीकडच्या लोकांना विचारल्याशिवाय मिळत राहिली.

मग कोळसा उद्या बंद करावा का? ते शक्य नाही, आणि त्याचं कारण घड्याळात आहे. कर्नाटकात ऊन आणि वारा यांची वीज एवढी वाढली आहे की दुपारी बारा वाजता औष्णिक संचांचा जोर कमी करावा लागतो. पावसाळ्यात धरणं भरली, गदगकडचा वारा जोरात वाहू लागला, की काही संच चक्क थंड ठेवतात. पण सूर्य मावळतो तेव्हाच घराघरांत दिवे, टीव्ही, पंखे, मोटारी सुरू होतात. ती संध्याकाळची चढण कोळसा आणि धरणं मिळून ओढतात. २०२३ सारखं दुष्काळी साल आलं, धरणं अर्धी राहिली, की सारा भार कोळशावर. म्हणून मी म्हणतो, आपण किती युनिटं वापरली याइतकंच ती केव्हा वापरली याला महत्त्व आहे. दुपारचं युनिट आणि रात्री आठचं युनिट मीटरवर सारखंच फिरतं, पण दोघांच्या मागची राख सारखी नसते.

आपलं बिल ही गोष्ट सांगत नाही. २०२३ पासून गृहज्योती योजनेत महिना २०० युनिटांपर्यंतच्या घरांना ठरलेल्या मर्यादेत वीज मोफत आहे. गरिबाघरी त्यानं मोठा दिलासा मिळाला, त्याबद्दल दुमत नाही. पण शून्याचं बिल वेळेबद्दल काहीच शिकवत नाही.

स्वच्छ विजेलाही किंमत असते, हेही सांगायला हवं. दुपारची वीज रात्रीसाठी साठवायची, तर एक उपाय उदंचनाचा. दुपारी पाणी वरच्या तळ्यात चढवायचं, रात्री खाली सोडून वीज करायची. महाराष्ट्रात घाटघरला असा २५० मेगावॅटचा प्रकल्प आहे. आपल्याकडं सौंदत्तीजवळ त्याहून मोठा आखला आहे. पण शरावतीच्या खोऱ्यातल्या २००० मेगावॅटच्या अशाच प्रस्तावाला, सिंहपुच्छ वानरांच्या जंगलावर घाला येईल म्हणून जोरदार विरोध आहे. नरेंद्रहून गोव्याकडं नेण्याच्या ४०० किलोव्होल्टच्या वाहिनीवरूनही सह्याद्रीतल्या झाडांचा प्रश्न उभा राहिला. प्रत्येक प्रकल्पाची जागा कुणाच्या तरी अंगणातच असते. ती निवडताना तिथल्या माणसांचं आधी ऐकलं, तर कुडगीसारखे प्रसंग टळतात.

आपल्या हातात काय आहे? पाण्याची टाकी भरायची मोटार, इस्त्री, कपड्यांचं यंत्र ही कामं संध्याकाळी सहा ते दहा सोडून दिवसा उरका. छत स्वतःचं असेल, तर सौर पॅनेलचा विचार करा. पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजार रुपये अनुदान मिळतं. खेड्यात शेती असेल, तर पंपांना दिवसा, सौर फीडरवरून वीज मागा. रात्री साप-विंचवाच्या भीतीत पाणी धरण्यापेक्षा ते केव्हाही बरं. आणि कारखानदारांना जशी वेळेनुसार वेगळ्या दराची पद्धत आहे, तशी घरगुती ग्राहकांनाही द्या, दुपारी स्वस्त आणि रात्री महाग, ही मागणी वीज नियामक आयोगाच्या जाहीर सुनावणीत मांडा. दरवाढीच्या वेळी ही सुनावणी होते, तिथं कोणताही ग्राहक बोलू शकतो. बहुतेक वेळा तिथं बोलतात ते उद्योजक आणि शेतकरी संघटना. गृहिणी, निवृत्त शिक्षक, छोटे दुकानदार क्वचितच दिसतात. पुढच्या सुनावणीला त्यांनीही जावं, एवढं सांगून थांबतो.