हात बाईचा, मडकं कुणाचं?

(मेक्सिकोच्या अभ्याससहलीनंतर कार्यकर्त्यांच्या मेळाव्यात केलेलं भाषण)



मेक्सिकोच्या दक्षिणेला वाहाका नावाचं राज्य आहे. तिथल्या कुंभारकाम करणाऱ्या गावांत आम्ही आठजणी जाऊन आलो. प्रवासवर्णन ऐकवायला मी उभी नाही. तिथल्या बायांचं काम बघताना जे प्रश्न पडले, ते तुमच्यापुढे ठेवते.

आधी चाकाचं बोलू. आपल्याकडे कुंभाराचं घर म्हटलं की चाक आलं, आणि चाकाला बाईने हात लावायचा नाही ही रूढीही बहुतेक ठिकाणी आली. माती चाळायची, मळायची, मडकी रंगवायची, बाजारात नेऊन विकायची कुंभारणीने; पण बारा बलुतेदारांत नाव कुंभाराचं आणि बलुतंही त्याच्याच नावावर.

मेक्सिकोत सोळाव्या शतकात स्पॅनिश लोक येईपर्यंत कुंभाराचं चाक नव्हतंच. वाहाका शहराजवळच्या सान बार्तोलो कोयोतेपेक गावात आजही एक बशी पालथी ठेवतात, तिच्यावर दुसरी उताणी. वरच्या बशीत मातीचा गोळा ठेवून ती हाताने फिरवत भांडं उभं करतात. ही झापोतेक लोकांची जुनी रीत. शेजारच्या सांता मारिया आत्सोंपा गावात तर भांडी घडवणं हे मुख्यतः बायांचंच काम.

मग चाक नसलं की बाई मोकळी झाली का? तेच बघायचं आहे.

कोयोतेपेकची जुनी भांडी राखाडी आणि टणक असत. त्यांतून पाणी आणि मेस्काल नावाची दारू वाहून नेत. १९५० च्या दशकात या गावच्या रोसा रेआल, म्हणजे लोकांच्या दोन्या रोसा, यांनी अर्धवट सुकलेलं भांडं गारगोटीने घासून जरा कमी आचेवर भाजलं. त्याला काळीभोर चकाकी आली. देशोदेशीचे संग्राहक आणि प्रवासी धावले, गावाला बाजार मिळाला. १९८० साली त्या वारल्या, पण त्यांचं नाव आजही जगभर घेतलं जातं. एका खेडवळ कारागीर बाईला तिच्या नावाने ओळखलं जावं, ही थोडी गोष्ट नाही. पण चकाकणाऱ्या भांड्यात पाणी टिकत नाही, ते झिरपतं. स्वयंपाकघरातलं भांडं दिवाणखान्यात गेलं आणि गावाची भाकरी प्रवाशांच्या हौसेवर टांगली गेली. २०२० मध्ये करोनाने प्रवास थांबला, तेव्हा शोभेच्या वस्तूंवर जगणाऱ्या कारागिरांचे काय हाल झाले असतील, ते वेगळं सांगायला नको.

आत्सोंपाची ओळख हिरव्या झिलईची. ही झिलई स्पॅनिश लोकांबरोबर आली आणि तिच्यात शिसं असतं. शिशामुळे ती लाकडाच्या साध्या भट्टीतल्या कमी तापमानालाही वितळते. पण आच नीट लागली नाही, की लिंबू, टोमॅटो अशा आंबट पदार्थांत ते शिसं उतरतं. झिलईची पूड हाताळणारी बाई ते श्वासातूनही घेते. शिसं हाडांत साठतं आणि गरोदरपणात परत रक्तात येऊन बाळापर्यंत पोचतं. मेक्सिकोच्या २०१८-१९ च्या राष्ट्रीय आरोग्य व पोषण पाहणीत १ ते ४ वर्षांच्या मुलांपैकी सुमारे १७ टक्के मुलांच्या रक्तात शिशाचं प्रमाण डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त आढळलं. त्यामागचं एक मोठं कारण ही झिलईची भांडी.

बिनशिशाची झिलई निघाली आहे. मग ती का वापरत नाही, असं आमच्यातल्या एकीने एका अंगणात विचारलं. दुभाषीमार्फत उत्तर आलं : "ती महाग पडते. गिऱ्हाइकाला रंग तोच हवा आणि भावही तोच हवा." म्हणजे स्वस्त भांड्याची उरलेली किंमत त्या बाईचं शरीर भरतं. नुसतं "जनजागृती करा" म्हणून हे सुटणारं नाही.

आता गावकीचं. वाहाकाच्या ५७० नगरपालिकांपैकी चारशेहून अधिक ठिकाणी कारभारी पक्षांच्या निवडणुकीने नव्हे, परंपरागत पद्धतीने, ग्रामसभेत निवडतात. गावासाठी बिनमोल श्रमदान करायचं, त्याला तेकियो म्हणतात. ही सामूहिकता बघून आम्ही भारावलो. पण २००७ साली सांता मारिया कियेगोलानी गावात एउफ्रोसिना क्रुस ही झापोतेक तरुणी गावच्या प्रमुखपदासाठी उभी राहिली, तेव्हा ती बाई आहे म्हणून तिला पडलेली मतं रद्द केली गेली. ती लढली, आणि पुढे राज्याच्या विधिमंडळाची अध्यक्षही झाली. परंपरा आमचीच आहे, पण तिच्यात बाईला जागा हवी, असं तिचं म्हणणं. परंपरा जपा म्हणणाऱ्यांनी आणि मोडा म्हणणाऱ्यांनी, दोघांनीही ते ऐकण्यासारखं आहे.

तेव्हा हस्तकला बघून "वा!" म्हणण्याआधी चार प्रश्न विचारू या. माती कुणी मळली? पैसे कुणाच्या हातात पडले? धूर आणि विष कुणाच्या छातीत गेलं? गावच्या सभेत बोलायला कोण उभं राहतं? आपल्या मेळाव्यात कुंभारणींची मडकी विकायला ठेवतो, तिथेही हेच विचारू. पुढच्या तीन महिन्यांत प्रत्येक गटाने आपल्या भागातल्या कुंभारवाड्यात जाऊन बायांच्या कामाचे तास मोजावेत आणि पुढच्या बैठकीला ते आकडे घेऊन यावेत, एवढीच माझी विनंती आहे.